अमेरिकेच्या तुरुंगातून वकिलाशिवाय दावा: आधी पंधरा दिवसांचा हिशेब

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलेलं आधी लिहिते, म्हणजे चुकत असेन तर तुम्ही तिथेच थांबवाल.

तुमचा भाचा भारतीय नागरिक आहे आणि टेक्सासमधल्या एका राज्य तुरुंगात शिक्षा भोगतोय. दोन महिन्यांपूर्वी एका गार्डने त्याचं उजवं मनगट पिरगाळलं. हात सुजला, तो रोज दवाखान्याची चिठ्ठी टाकत राहिला, आणि एक्स-रे निघाला पाच आठवड्यांनी. हाड मोडलेलं. ते नीट बसवलेलं अजूनही नाही. त्याने वॉर्डनला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. आता त्याच्याच बराकीतला एक जुना कैदी त्याला चाळीस पानी अर्ज लिहून देतोय आणि 'मुळात शिक्षाच चुकीची आहे' हेही त्यातच घालू म्हणतोय. तुमच्या बहिणीकडे वकिलाचे पैसे नाहीत. तुमचे प्रश्न: वकिलाशिवाय असा दावा लावता येतो का, कागद कोणते, फी किती, आणि कोल्हापुरात बसून मुखत्यारपत्रावर तुम्हीच तो दाखल करू शकता का.

दावा लावता येतो. तिथे दर वर्षी हजारो कैदी स्वतःच्या हाताने लिहून लावतात. वकील न घेता स्वतः उभं राहणाऱ्याला 'प्रो से' म्हणतात, आणि मी बारा वर्षं एका फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा कोर्टात नेमके हेच कागद वाचून न्यायाधीशांना टिपणं देण्याचं काम केलं. पेन्सिलने लिहिलेले, कमिसरीच्या (तुरुंगातल्या दुकानाच्या) पावतीच्या पाठीवर लिहिलेले, एकदा तर उशीच्या अभ्र्यावर लिहिलेला अर्जही वाचला. त्या अनुभवातून एक गोष्ट सांगते. जे अर्ज फेटाळले गेले, त्यांतल्या बहुतेकांत मारहाण झाली की नाही हा प्रश्न कोर्टापुढे आलाच नाही. त्याच्या आधीच्या उंबऱ्यावरच ते अडखळले. म्हणून तुम्ही कोर्टाचे कागद विचारताय तरी मी सुरुवात तुरुंगातल्या कागदापासून करणार आहे.

एवढं ध्यानात ठेवा की मी तुमच्या भाच्याची वकील नाही. तुरुंग राज्याचा की फेडरल, कोणतं राज्य, शिक्षा झालेला की कच्चा कैदी, यावर बरंच बदलतं. खालचं सगळं टेक्सासच्या राज्य तुरुंगातला शिक्षा झालेला कैदी धरून लिहिलंय.

ज्या कायद्याखाली दावा लावायचा तो जुना आहे. १८७१ साली यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांना वठणीवर आणायला केलेला. आज त्याला सगळे 'सेक्शन १९८३' म्हणतात (हे साल नव्हे, कलमाचा आकडा, माझ्या सासूबाईंचा या बाबतीत अजून गोंधळ होतो). राज्य सरकारच्या अधिकाराने वागणाऱ्या माणसाने तुमचा घटनादत्त हक्क मोडला तर त्या माणसावर फेडरल कोर्टात दावा. बस, इतकंच. पण १९९६ साली अमेरिकन संसदेने कैद्यांचे दावे फार वाढले म्हणून आणखी एक कायदा केला, 'प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट'. २६ एप्रिल १९९६ ला अध्यक्ष क्लिंटन यांची त्यावर सही झाली. तुमच्या भाच्याच्या वाटेतले जवळजवळ सगळे दगड या दुसऱ्या कायद्याने टाकलेले आहेत.

पहिला आणि सर्वांत मोठा दगड असा: तुरुंगाची अंतर्गत तक्रारपद्धत शेवटच्या पायरीपर्यंत वापरल्याशिवाय कोर्टात यायचं नाही. टेक्सासच्या राज्य तुरुंगांत दोन पायऱ्या आहेत. 'स्टेप वन'चा फॉर्म घटनेपासून पंधरा दिवसांत. त्यावरचं उत्तर पटलं नाही तर 'स्टेप टू', त्या उत्तरापासून पंधरा दिवसांत. एका फॉर्मवर एकच विषय. सगळीकडे हेच आकडे नाहीत. फेडरल तुरुंगात पहिल्या औपचारिक अर्जाला वीस दिवस असतात, न्यूयॉर्कच्या राज्य तुरुंगांत एकवीस. पण पंधरा असोत की एकवीस, मुदत चुकली की पुढचं दार बंद. २००६ सालच्या वुडफर्ड विरुद्ध एन्गो या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की उशिरा केलेली तक्रार म्हणजे तक्रार केली असं होत नाही.

आणि वॉर्डनला लिहिलेली पत्रं? त्यांचा या हिशेबात शून्य उपयोग. वाईट वाटेल, पण लिहायलाच हवं. आपल्याकडे साहेबाला अर्ज दिला, पोच घेतली, की काम सुरू झालं असं आपण मानतो. तिथे ठरलेला फॉर्म, ठरलेली पेटी, ठरलेली मुदत. 'तक्रारीतून मला नुकसानभरपाई मिळणारच नव्हती, मग कशाला करू' हेही चालत नाही. तो मुद्दा २००१ मध्ये निकालात निघाला. 'एका गार्डने एकदाच मारलं, तुरुंगाच्या कारभाराशी त्याचा काय संबंध' हेही २००२ मध्ये निकालात निघालं.

तर मग सगळं संपलं का? नाही. आणि तुमच्या प्रश्नातल्या ज्या तपशिलावर तुम्ही फारसा भर दिला नाहीत, तोच मला महत्त्वाचा वाटतो. मोडला तो उजवा हात. भाचा उजव्या हाताने लिहितो का?

टेक्सासवर अधिकार असणाऱ्या फिफ्थ सर्किट या अपील कोर्टात २००३ साली डेज विरुद्ध जॉन्सन असं प्रकरण आलं होतं. टेक्सासचाच कैदी. उजवा हात मोडल्यामुळे त्याला मुदतीत तक्रार लिहिता आली नाही. हात बरा झाल्यावर त्याने लिहिली, ती मुदतबाह्य म्हणून परत आली. कोर्टाने म्हटलं, त्या माणसाला तक्रारीची वाट उपलब्धच नव्हती, तेव्हा ती वापरली नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही. या निकालातल्या काही तांत्रिक भागाला नंतरच्या निकालाने धक्का लागलाय, पण मूळ विचार शाबूत आहे. कारण कायद्याचे शब्दच 'उपलब्ध असलेले उपाय' असे आहेत. २०१६ च्या रॉस विरुद्ध ब्लेक निकालात सुप्रीम कोर्टाने उपाय कधी उपलब्ध नसतो याची तीन उदाहरणं दिली: तक्रार करून काहीच होत नाही अशी बंद गल्ली असेल तर, नियम इतके गुंतागुंतीचे असतील की साध्या माणसाला कळूच शकत नाहीत तर, आणि अधिकाऱ्यांनी धमकी, फसवणूक किंवा डावपेच करून तक्रार करू दिली नाही तर. जून २०२५ मध्ये, मिशिगनच्या एका प्रकरणात, त्याच कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. अधिकाऱ्याने तक्रारीचे फॉर्मच फाडून टाकले असा त्या कैद्याचा आरोप होता. जिथे तक्रारीचा वाद आणि मूळ दाव्याचा वाद एकमेकांत गुंतलेले असतील तिथे तो वाद ज्युरीपुढे जाईल, असं ठरलं.

डेजच्या प्रकरणातून घ्यायचं ते हे: त्याने उशिरा का होईना तक्रार दिली होती आणि ती नाकारल्याचा कागद त्याच्या हातात होता. म्हणून भाच्याला सांगा, स्टेप वन भरला नसेल तर आज भर. मुदत संपली म्हणून परत येईल, हरकत नाही. वर एक ओळ लिही: 'उजवं मनगट मोडल्यामुळे अमुक तारखेपर्यंत लिहिता येत नव्हतं, लिहून द्यायला कुणी नव्हतं.' हे खरं असेल तरच, बरं का. वॉर्डनला पत्रं लिहिली ती कधी आणि कुणाच्या हातची, हा प्रश्न समोरचा सरकारी वकील विचारणारच. पहिल्या पंधरवड्यातलं पत्र भाच्याच्या स्वतःच्या अक्षरात असेल तर डेजचा आधार डळमळीत होतो. मला ते आत्ताच कळलं तर बरं.

उपचाराचं मात्र वेगळं पडतं. मारहाण एका दिवशी झाली आणि संपली. हाड न बसवणं आजही चालू आहे. आज त्याने चिठ्ठी टाकली आणि आज नकार मिळाला, तर आजच्या नकाराची तक्रार पुढच्या पंधरा दिवसांत करता येते. म्हणजे दोन स्वतंत्र फॉर्म. मारहाणीचा उशिराचा, उपचाराचा ताजा. ज्या फॉर्मवर उत्तर येईल त्यावर स्टेप टू. प्रत्येक परत आलेला फॉर्म जपून ठेवायचा. शक्य झाल्यास हाताने नक्कल करून एक प्रत तुमच्या बहिणीला पोस्टाने. कैद्याची कोठडी बदलते, सामान हरवतं, आणि कधी कधी ते नेमकं हेच सामान असतं.

दाव्याची मुदत वेगळी. सेक्शन १९८३ ला स्वतःची मुदत नाही. त्या त्या राज्यात शारीरिक इजेच्या दाव्याला असते तीच लागते. टेक्सासमध्ये दोन वर्षं. टेनेसीत एकच वर्ष आहे, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या कुणाचं ऐकून गाफील राहू नका. तक्रारीच्या पायऱ्यांत गेलेला काळ टेक्सासमध्ये साधारणपणे वगळतात, पण तो हिशेब मनात धरून ताणू नये. कैद्याला एक सवलत आहे: कागद कोर्टात पोचला ती तारीख न धरता, त्याने तो तुरुंगाच्या टपालात दिला ती तारीख धरतात. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालातून हे आलं. (ह्यूस्टन हे त्या कैद्याचं आडनाव, शहराचा काही संबंध नाही.) म्हणून अर्जाच्या शेवटी 'आज अमुक तारखेला तुरुंगाच्या टपालात दिला' असं लिहून सही करायची.

आता तुमचा मुखत्यारपत्राचा प्रश्न. नाही, चालत नाही. तिथे माणूस स्वतःसाठी उभा राहू शकतो किंवा वकील दुसऱ्यासाठी. मामा, आई, बायको, नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र, काहीही असो, वकील नसलेल्याची सही दुसऱ्याच्या दाव्यावर चालत नाही. सही भाच्याचीच. तुम्हाला हे विचित्र वाटणं मी समजू शकते, कारण आपल्याकडे सुनील बात्राने तिहारमधून दुसऱ्याच कैद्यावरच्या अत्याचाराबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं आणि सुप्रीम कोर्टाने तेच याचिका म्हणून घेतलं. ती वाट अमेरिकेत नाही. न्यायाधीशांना थेट पत्र पाठवू नका. ते फाइलला लागेल किंवा परत येईल, आणि दोन्हींचा उपयोग नाही.

त्या जुन्या कैद्याने लिहून देण्यात मात्र गैर काही नाही. दुसरी मदत उपलब्ध नसेल तर कैद्याने कैद्याला कायदेशीर कागद लिहून देण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे १९६९ पासून ठरलेलं आहे. असे लोक कधी कधी नव्या वकिलांपेक्षा बरं लिहितात. पण चाळीस पानं? मी त्या टेबलावर बसलेली होते म्हणून सांगते, चाळीस पानांतली तीस दुसऱ्याच कुणाच्या अर्जातून उतरवलेली असतात. कोर्टाचा छापील अर्ज असतो, 'प्रिझनर्स सिव्हिल राइट्स कंप्लेंट', क्लार्कला पत्र लिहिलं की फुकट मिळतो. टेक्सासमध्ये चार फेडरल जिल्हे आहेत. तुरुंग ज्या जिल्ह्यात, अर्ज तिथला. तोच भरायचा, आणि हकिगतीला दोन-तीन पानं जोडायची. कायद्याची कलमं, निकालांची नावं घालायची गरज नाही. हस्तलिखित अर्ज वकिलाच्या अर्जाच्या मापाने मोजायचा नाही, हे कोर्टावर १९७२ पासून बंधन आहे. पण न्यायाधीश तुमच्यासाठी हकिगत रचून देणार नाहीत.

हकिगत म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते. 'गार्डने अमानुष, क्रूर आणि घटनाबाह्य छळ केला' हे वाक्य वाचून मला काही कळत नसे. 'दुपारी साडेतीनला, जेवणाच्या हॉलच्या दाराशी, मी दोन्ही हात भिंतीला लावून उभा होतो. अमुक गार्डने माझं उजवं मनगट मागे ओढून वर पिरगाळलं. कट्ट आवाज आला. मी ओरडलो. त्याने सोडलं नाही' हे वाचलं की पेन खाली ठेवावं लागे. विशेषण काढा, क्रियापद ठेवा. कुणी, कधी, कुठे, काय केलं, मग काय झालं. नाव माहीत नसेल तर 'जॉन डो' लिहून वर्णन, पाळी आणि जागा द्यायची. नाव नंतर शोधता येतं, पण दोन वर्षं संपायच्या आत.

दावा कुणावर हाही मोठा घोटाळा असतो. तुरुंगावर नाही, कारण इमारत 'व्यक्ती' नाही. राज्यावर नाही, १९८९ च्या निकालानुसार राज्यही या कलमापुरतं 'व्यक्ती' नाही. वॉर्डन सगळ्यांचा साहेब आहे म्हणून त्याच्यावरही नाही. त्याने स्वतः काय केलं किंवा जाणूनबुजून काय होऊ दिलं ते सांगता आलं पाहिजे. पैसे मागायचे असतील तर गार्डवर, नर्सवर, डॉक्टरवर 'वैयक्तिक नात्याने' दावा, आणि ते शब्द अर्जात घालायचे. डॉक्टर तुरुंगाचा नोकर नसून कंत्राटी असला तरी चालतं. जिथे हात बसवून हवाय तिथे पैशांशिवाय कोर्टाचा हुकूमही मागायचा. माझ्या मते तुमच्या भाच्याला आधी तोच हवा आहे.

उपचाराच्या भागाबद्दल जरा थांबते, कारण इथे लोक फार आशेवर असतात. ज्या निकालामुळे तुरुंगात उपचाराचा हक्क मानला गेला तो टेक्सासमधल्याच एका कैद्याचा आहे. जे. डब्ल्यू. गॅम्बल. नोव्हेंबर १९७३ मध्ये ट्रकमधून कापसाच्या गाठी उतरवताना एक गाठ त्याच्या अंगावर पडली आणि पाठ दुखावली. त्याने हाताने अर्ज लिहिला. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर ठरवलं की गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं म्हणजे घटनेने मना केलेली क्रूर शिक्षा. आज अमेरिकेतला प्रत्येक कैदी त्याच्या नावाचा आधार घेतो. पण त्याच निकालात डॉक्टरांविरुद्ध गॅम्बल हरला. का? कारण त्याच्याच अर्जात लिहिलेलं होतं की तीन महिन्यांत वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याला सतरा वेळा तपासलं. एक्स-रे काढायला हवा होता, हे म्हणणं कोर्टाने वैद्यकीय निर्णयाच्या खात्यात टाकलं. चूक झाली असेल, हलगर्जीही असेल, पण ते जाणूनबुजून दुर्लक्ष नव्हे.

म्हणजे भाच्याच्या अर्जात 'डॉक्टर चुकला' याने काही साधणार नाही. त्याला दाखवायचंय की समोरच्याला माहीत होतं आणि त्याने तरी काही केलं नाही. मनगट डोळ्यांना वाकडं दिसत होतं का? नर्स काय म्हणाली? कोणत्या तारखांना चिठ्ठी टाकली, कोणत्या चिठ्ठीवर काय शेरा आला? 'नर्सने हात पाहिला, "मोडलेला दिसतोय" म्हणाली, आणि गोळी देऊन परत पाठवलं' असं खरोखर घडलं असेल तर ते एक वाक्य चाळीस पानांना भारी आहे. पाच आठवडे कुणी पाहिलंच नाही आणि पाच आठवड्यांत पाच वेळा पाहून पट्टी बांधली, यांत कोर्टाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या पत्रावरून मला दोन्हींपैकी काय घडलं ते कळलं नाही.

मानसिक त्रासाबद्दल एक वाक्य: नुसत्या मनस्तापाची भरपाई १९९६ च्या कायद्याने, शारीरिक इजा किंवा लैंगिक कृत्य असल्याशिवाय, मिळत नाही. इथे हाड मोडलंय, तेव्हा ही अट आड येऊ नये.

आणि 'शिक्षाच चुकीची' हे या अर्जात अजिबात नको. जो दावा जिंकल्याने शिक्षा आपोआप खोटी ठरेल असा नुकसानभरपाईचा दावा, ती शिक्षा आधी रद्द झाल्याशिवाय चालत नाही, हे १९९४ च्या हेक विरुद्ध हम्फ्री निकालापासून पक्कं आहे. शिक्षेला आव्हान द्यायची वाट वेगळी, हेबियस कॉर्पसची, आणि तिची मुदत शिक्षा अंतिम झाल्यापासून साधारण एक वर्षाची असते. (ती मुदत घालणारा कायदाही एप्रिल १९९६ चाच, कैद्यांच्या दाव्यांवरच्या कायद्याच्या दोन दिवस आधीचा. त्या आठवड्यात कैद्यांचं नशीब काही बरं नव्हतं.) याच झटापटीवरून भाच्यालाच तुरुंगात शिस्तभंगाची शिक्षा झाली असेल आणि चांगल्या वागणुकीचे दिवस कापले गेले असतील, तर हेकची सावली मारहाणीच्या दाव्यावरही पडू शकते. तसं काही झालंय का, ते नक्की विचारा.

फी. नेहमीची फी ४०५ डॉलर: दाव्याचे ३५० आणि प्रशासकीय ५५. 'इन फॉर्मा पॉपेरिस' म्हणजे गरिबीचा अर्ज मंजूर झाला तर ५५ माफ होतात, ३५० मात्र कैद्याला माफ होत नाहीत, फक्त हप्ते होतात. अर्जासोबत तुरुंगातल्या त्याच्या खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा प्रमाणित उतारा लागतो. समजा तुमची बहीण महिन्याला १०० डॉलर पाठवते. पहिला हप्ता सरासरी जमेच्या किंवा सरासरी शिलकेच्या, जे जास्त असेल त्याच्या, वीस टक्के: म्हणजे २० डॉलर. नंतर खात्यात दहाच्या वर असतील तेव्हा दर महिन्याच्या जमेतून वीस टक्के. उरलेले ३३० डॉलर फिटायला सुमारे सतरा महिने. दावा पहिल्याच महिन्यात फेटाळला गेला तरी हप्ते चालूच राहतात. आणि तीन दावे लावले तर तिन्हींचे हप्ते एकदम, म्हणजे साठ टक्के. हे २०१६ मध्ये ठरलं. थोडक्यात, फी तुमची बहीणच भरणार आहे, हे तिला आधी सांगा. खात्यात खरोखर काहीच नसेल तर त्या कारणाने दावा अडवता येत नाही.

तुम्ही 'मीच सगळी रक्कम एकदम पाठवतो' म्हणालात. प्रेमापोटी म्हणालात, पण नको. गरिबीचा अर्ज मंजूर असला की प्रतिवादींना समन्स बजावण्याचं काम सरकारी मार्शल फुकट करतात. पूर्ण फी भरली की ते काम मुळात वादीच्या गळ्यात, आणि त्याला नव्वद दिवसांची मुदत. मार्शलकडून बजावून द्या अशी कोर्टाला विनंती करता येते, पण ती मंजूर होईलच असं नाही. तुरुंगातला माणूस गार्डला समन्स कसं बजावणार?

घाईचा आणखी एक दंड आहे, त्याला 'थ्री स्ट्राइक्स' म्हणतात. नाव बेसबॉलमधलं, आपण तीन वेळा बाद समजू. दावा बिनबुडाचा, खोडसाळ किंवा कायद्याने दाद मिळण्याजोगा नाही म्हणून फेटाळला की एक स्ट्राइक. तीन झाले की पुढच्या दाव्याला हप्त्याची सोय नाही. जिवाला किंवा शरीराला गंभीर इजेचा तातडीचा धोका असेल तेवढा अपवाद. 'पुन्हा लावायची मुभा ठेवून' फेटाळला तरी स्ट्राइक लागतोच, असं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. तुमच्या भाच्यापुढे अजून बरीच शिक्षा असेल तर चाळीस पानी अर्जावर एक स्ट्राइक उधळणं मला परवडणारं वाटत नाही. छापील अर्जात पूर्वीचे दावे विचारलेले असतात. असतील ते सगळे लिहायचे. लपवल्यामुळे फेटाळलेले अर्ज मी पाहिलेत, आणि त्यांतला एक तर मुळात चांगला होता.

शेवटी सही, तारीख, आणि 'वरील मजकूर खरा असून खोटा असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र आहे' अशा अर्थाची ओळ. नोटरी लागत नाही. ही ओळ असलेला अर्ज पुढे पुरावा म्हणून चालतो, आणि सरकारी वकील खटल्याशिवाय निकाल मागतो तेव्हा वादीकडे अनेकदा तेवढाच पुरावा असतो.

दाखल झाल्यावर लगेच काही घडत नाही. प्रतिवादीला कळवण्याच्या आधी न्यायाधीश स्वतः अर्ज चाळतात. फी भरलेली असो वा नसो. टेक्सासमध्ये अनेकदा 'स्पीयर्स' सुनावणी होते: न्यायाधीश फोनवर किंवा व्हिडिओवर कैद्यालाच प्रश्न विचारतात, नाहीतर लेखी प्रश्नावली येते. त्याची उत्तरं अर्जाचाच भाग होतात. तिथे वाढवून सांगायचं नाही आणि संकोचही करायचा नाही. महिनोन्‌महिने काही येणार नाही. तेवढ्यात त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली तर नवा पत्ता कोर्टाला त्याने स्वतः, लगेच कळवायचा. मारहाण खरी, कागद चोख, आणि कोर्टाचं पत्र जुन्या पत्त्यावरून परत आलं म्हणून दावा निकाली, असं मी मोजता येणार नाही इतक्यांदा पाहिलंय.

वकील फुकट मिळेल का? फौजदारी खटल्यात मिळतो, या दिवाणी दाव्यात तसा हक्क नाही. कोर्ट वकिलाला विनंती करू शकतं, सक्ती करू शकत नाही. अर्ज चाळणीतून पार पडला की मग विनंती करावी. आधी केलेली बहुधा नाकारली जाते. दावा जिंकल्यावर प्रतिवादीकडून मिळणाऱ्या वकील फीलाही याच कायद्याने मर्यादा घातलीय, म्हणून पैशांसाठी कुणी धावत येत नाही.

तुम्ही काय करू शकता? एक वही करा. भाच्याच्या प्रत्येक फोनची तारीख आणि त्याने काय सांगितलं ते लिहा. फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा 'असं सांग, तसं सांग' नको. तो भारतीय नागरिक आहे, म्हणून ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला त्याच्या हाताबद्दल लिहा. ते दावा लढवणार नाहीत, पण भेट घेऊ शकतात, चौकशी करू शकतात, आणि कुणीतरी बाहेरून विचारतंय हे तुरुंगाला कळतं. तक्रार केल्याबद्दल त्याला त्रास दिला गेला तर तोही वेगळा हक्कभंग आहे, आणि त्याचा स्टेप वन पुन्हा वेगळा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: माणूस शिक्षा भोगत नसून नुसता इमिग्रेशनच्या कोठडीत असेल, तर बहुतेक अपील कोर्टांच्या मते हा १९९६ चा कायदा त्याला लागू नाही. पण तिथे प्रतिवादी फेडरल अधिकारी असतात, त्यांच्यावर सेक्शन १९८३ चालत नाही आणि भरपाईची वाट फार अरुंद झालीय. त्यावर इथे लिहीत नाही. तसंच, सुटका झाल्यावर दावा लावणाऱ्याला तक्रारीच्या पायऱ्यांची अट साधारणपणे लागत नाही. भाच्याची शिक्षा दोन वर्षांच्या मुदतीच्या बऱ्याच आत संपत असेल तर हाही विचार करता येईल. पण सुटल्यावर त्याला भारतात पाठवणार असतील तर तिथून दावा चालवणं अवघड.

तर आत्ता मला चार गोष्टी कळवा: स्टेप वन भरला का आणि कधी, वॉर्डनची पत्रं कुणाच्या अक्षरात आहेत, पाच आठवड्यांत त्याला दवाखान्यात किती वेळा पाहिलं, आणि त्याच घटनेवरून त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली का. पुढचा फोन येईल तेव्हा पहिल्या मिनिटात उपचाराच्या ताज्या तक्रारीचं सांगा, बाकीचं नंतर. ते पंधरा दिवस रोज पुढे सरकतायत.